कळलं त्या रात्री

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमाराला दूध आणायला खाली उतरले होते. चाकणच्या कंपनीची बस गेटवर थांबली, रात्रपाळीची माणसं उतरली आणि त्यातले एक गृहस्थ लिफ्टकडे न जाता माझ्याकडे आले. ओळख जुनी. मी निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या वर्षी त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. पार्किंगमधल्या एका खांबाआड, कॅमेऱ्यात येणार नाही असं उभं राहून त्यांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढला. आत पातळ कागदाची दोन नळकांडी, एका टोकाला निमुळती. टपरीवर ‘गोगो’ म्हणून मिळतात ती. गांजा भरून ओढायला वापरतात.

“मॅडम, हे काय असतं?”

त्यांना माहीत होतं. आदल्या रात्री पाळीला निघताना पोराच्या बॅगेत चार्जर शोधत होते, तेव्हा हाताला लागलं. तसंच खिशात घालून ते कामावर गेले. रात्रभर मशीनवर उभे, आणि हे खिशात. बायकोला सांगितलं नव्हतं, कारण तिला बीपी आहे. पोराला विचारलं नव्हतं, कारण हात उठला असता. मी काहीतरी वेगळं सांगावं, कॉलेजच्या प्रोजेक्टला असले कागद लागतात म्हणावं, एवढीच त्यांची आशा होती. मी ती पुरी करू शकले नाही.

ओळख पुसून ही गोष्ट सांगायला त्यांची हरकत नाही. उलट “सांगाच” म्हणाले. कारण त्या रात्री त्यांना सर्वात जास्त छळलं ते नळकांड्यांनी नाही. आपल्याला हे विचारायला अख्ख्या चऱ्होलीत एकही माणूस नाही, या जाणिवेनं छळलं.

म्हणून आज थोडं मोकळं बोलू. तुमच्या घरात असं काही सापडलं नसेल, तरीही. सापडल्यावर डोकं चालत नाही, सापडण्याआधी चालतं.

आपली चऱ्होली 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्यानंतर इंद्रायणीकाठची ज्वारी-उसाची रानं कशी पालटली ते जुन्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिलंय. आज इथे दोन तऱ्हेची घरं आहेत. एक, ज्यांच्या जमिनीचे पैसे झाले त्यांची. दुसरी, ज्यांनी हप्त्यावर फ्लॅट घेतला त्यांची. पहिल्या घरात पोराच्या हातात पैसा लवकर येतो आणि सोळाव्या वर्षी बुलेटची चावीही. दुसऱ्या घरात पैसा जेमतेम, पण दुपारी तीन ते रात्री आठ फ्लॅट रिकामा: आई भोसरीला, बाबा चाकणला, आजी-आजोबा गावाला. एकाकडे पैसा आणि दुसऱ्याकडे रिकामी जागा असली की पोरं एकमेकांना बरोबर शोधतात. यात कुणी वाईट संस्कारांचं नाही. हे हिशेबाचं गणित आहे, आणि ज्याला माल खपवायचा असतो त्याला ते आपल्याआधी सुटलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, ड्रग्ज म्हणजे पुण्यातल्या पबमधल्या श्रीमंतांचं काम. पण ऑक्टोबर 2020 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी 20 किलो मेफेड्रोन, ज्याला पोरं ‘एमडी’ म्हणतात, पकडलं ते कुठे? चाकणजवळच्या शेल पिंपळगावात. फेब्रुवारी 2024 मध्ये शेकडो किलो एमडी सापडलं ते दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यात. आपण नोकऱ्या करतो तसल्याच कारखान्यांच्या पट्ट्यातल्या या जागा आहेत. तरी मी तुम्हाला एमडीची भीती घालणार नाही. मोठ्या बातम्यांचा एक तोटा असतो. आपण घरात बातमीतली पांढरी पावडर शोधत बसतो, आणि पोराची सुरुवात भलत्याच दारानं होऊन गेलेली असते.

ते दार बहुतेक वेळा आपणच उघडलेलं असतं, हे ऐकायला कडू आहे. हळदीच्या रात्री डीजेपुढे नाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला “घे रे एक घोट, मर्द आहेस ना” म्हणणारा त्याचा सख्खा मामा असतो किंवा चुलता. फार्महाऊसवरच्या थर्टी फर्स्टला बिअरच्या खोक्याशेजारी पोरं बसलेली असतात आणि आपण हसतो. महाराष्ट्रात बिअरला 21 वर्षं आणि कडक दारूला 25 वर्षं पुरी लागतात. बालन्याय कायद्याच्या 77 व्या कलमात तर अठराच्या आतल्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. टपरीवाल्याला हे कलम ऐकवायला आपण एका पायावर तयार असतो. मामाला कोण ऐकवणार?

आणि तळहातावर तंबाखू मळत मळत पोराला व्यसनाचे तोटे सांगणारे वडील मी पालकसभेत इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही.

बाकीची दारं साधी, स्वस्त आणि चटकन न कळणारी आहेत. व्हेपला, म्हणजे ई-सिगारेटला, 2019 पासून देशभर बंदी आहे, तरी पोरांच्या दप्तरात ती पेनड्राइव्हसारखी दिसते आणि तिला फळाचा वास येतो. व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगणं ही तर लहान मुलांचीच नशा. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेला नशेचा एकच प्रकार होता, तो हा हुंगण्याचा. हुंगताना अचानक हृदय बंद पडू शकतं, पहिल्याच वेळीसुद्धा. जिममध्ये जाणाऱ्या पोरांच्या आयांसाठी आणखी एक. शस्त्रक्रियेच्या वेळी पडलेला रक्तदाब चढवायला मेफेंटरमाइन नावाचं इंजेक्शन वापरतात. ते चोरून विकणारे आपल्या शहरात पकडले गेलेत. घेणाऱ्यांना दम वाढवायचा असतो, शरीर कमवायचं असतं. नशा करतोय असं त्यांना वाटतच नाही. पोराच्या खोलीत सिरिंज दिसली तर “प्रोटीनचं असेल” म्हणून सोडू नका.

लक्षणांची यादी मला विचाराल तर मी जरा हात आखडता घेते. लाल डोळे, बदललेली झोप, पडलेले मार्क, जुने मित्र सुटणं, घरातले पैसे जाणं हे खरंच आहे. पण यातलं निम्मं नुसत्या वयात येण्यात बसतं आणि उरलेल्यातलं बरंच उदासपणात. यादी हातात धरून पोराकडे पाहणारी आई हवालदार होते. तिला लक्षणं दिसायला लागतात आणि पोरगं दिसायचं थांबतं. मी एवढंच म्हणते: तुमचं मूल चार-सहा आठवड्यांत ‘वेगळं’ झालं असेल, आणि का ते तुम्हाला सांगता येत नसेल, तर विचारायची वेळ झाली. मग कारण नशा असो की नसो.

आता त्या रात्रीकडे येते.

कळल्यावर पहिल्या तासात आपण तीनपैकी एक काहीतरी करतो. मारतो, नाहीतर रडतो, नाहीतर शपथ घालतो. तिन्हीमागे प्रेमच असतं. तिन्हीतून पोरगं एकच शिकतं: पुढच्या वेळी नीट लपवायचं.

त्या वडिलांना मी म्हटलं, आधी वर जाऊन झोपा. रात्रपाळी करून आलेल्या माणसानं असलं बोलणं काढू नये. पोरगं नशेत असेल तर त्या वेळी तर एक अक्षरही बोलू नये. तेव्हा फक्त तो सुरक्षित आहे ना ते पाहायचं. कुशीवर झोपवायचं, एकटं सोडायचं नाही. श्वास अडखळत असेल, हाक मारून उठत नसेल, झटके येत असतील तर 108 ला फोन. काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगायचं. अब्रू नंतर.

बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, पोट भरल्यावर, दोघांपैकी ज्याचा आवाज कमी चढतो त्यानं. समोरासमोर खुर्च्या मांडून नाही, तो पोलिसी थाट झाला. गाडीवर मागे बसवून वाघेश्वराच्या टेकडीकडे जा, नाहीतर भाजी निवडत बसा. डोळ्यांत डोळे नसले की या वयाची पोरं जास्त बोलतात, हे माझं तीस वर्षांचं निरीक्षण. सापडलेली वस्तू समोर ठेवा आणि सरळ सांगा: “हे मला सापडलं. मी घाबरलोय. ओरडणार नाही. कधीपासून?”

‘कधीपासून’ विचारा. ‘कोणी दिलं’ नको. आपल्याला आधी चोर हवा असतो, कारण चोर सापडला की पोरगं निर्दोष ठरतं. पण त्याच्या बाजूनं बघा. नाव सांगितलं की तो दोस्तांत फितूर. म्हणजे पहिल्याच प्रश्नात तुम्ही त्याला घर की मित्र असं निवडायला लावता, आणि सोळाव्या वर्षी घर हरतं. तो म्हणेल, “माझं नाही, मित्राचं आहे.” खरंही असू शकतं. “बरं, मग तू किती वेळा घेतलंस?” एवढं विचारून गप्प बसा. ही शांतता जड जाते. तीच जरा वेळ धरून ठेवायची.

गुपचूप लघवीचं किट आणून तपासणं, त्याचा फोन रात्री उघडून वाचणं याचा मोह मला कळतो. किटचा निकाल चुकतोही, आणि बरोबर आला तरी तो आला कसा हे पोराला कळतंच. तपासणी करायची तर डॉक्टरकडे, त्याला सांगून.

शपथेचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण आपण आळंदीच्या शेजारी राहतो. “चल माउलींच्या समाधीवर, हात ठेव, शपथ घे” हे आपल्याकडे हमखास होतं. त्यामागे अनुभव आहे, तो मी नाकारत नाही. माळ घातली आणि दारू सुटली असे बाप्ये या पंचक्रोशीत प्रत्येक आळीत आहेत. पण ती माळ कशी चालली ते जरा बघा. माळ घातलेल्या माणसाला संध्याकाळी भजनाला बोलावणं येतं. दर वद्य एकादशीला आळंदीची वारी असते. दिंडीत शेजारी चालणारा विणेकरी त्याला ओळखतो, आठ दिवस दिसला नाही तर घरी येतो. ज्या वेळी गुत्त्यावर जायचा त्या वेळी आता त्याला दुसरीकडे जागा आहे, माणसं आहेत, काम आहे. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारुडे, एकमेकांना सावरायला बसले आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभं राहिलं, त्यातही हेच आहे. तिथेही जन्मभराची शपथ नाही. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही, आणि संध्याकाळी सभेला यायचं.

आपण पोराला काय देतो? नुसता माळेचा दोरा. भजन नाही, दिंडी नाही, विणेकरी नाही. दुपारी तीनचा फ्लॅट तसाच रिकामा आणि खिशात शपथ. पंधरा दिवसांत ती मोडते. मोडल्याचं सांगितलं तर देवाचा गुन्हेगार, म्हणून तो खोटं बोलतो. नशेला खोटं जोडून देणारे आपण.

तेव्हा सोबत आणि वेळ यांची सोय करणं हेच निम्मं काम. आइसलँडचं उदाहरण मी पूर्वीच वाचलं होतं, पण पटायला निवृत्त व्हावं लागलं. तिथे 1998 साली दहावीच्या वयाची 42 टक्के मुलं आदल्या महिन्यात एकदा तरी झिंगलेली होती. 2016 पर्यंत हा आकडा 5 टक्क्यांवर आला. त्यांनी व्याख्यानं वाढवली नाहीत. शाळेनंतर खेळ, संगीत यांच्यासाठी सरकारी पैसे दिले, मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर असावं ते ठरवलं, आणि पालकांनी आपापसात लिखित करार केले: आमच्या घरी मोठ्यांशिवाय पार्टी होणार नाही, दुसऱ्याचं मूल अडचणीत दिसलं तर आम्ही कळवू. आपल्याकडे सरकार पैसे देईल तेव्हा देईल. पण एका विंगमधल्या सहा घरांनी ‘कुणाच्याही रिकाम्या फ्लॅटमध्ये पोरं जमणार नाहीत, जमायचं तर आमच्या घरी जमा, भजी मी करीन’ एवढं ठरवायला कुणाची मंजुरी लागत नाही. गावठाणात तालीम आहे, कबड्डी आहे. सोसायटीची पोरं तिथे जात नाहीत, कारण त्यांना कुणी नेलेलं नाही. मेंटेनन्सवर तीन तास भांडणाऱ्या सभेत हा विषय एकदा घेऊन बघा.

पण पोरगं रोज घेत असेल, किंवा घेतल्याशिवाय राहवत नसेल, तर भजी आणि कबड्डी पुरणार नाही. तिथे वैद्यकीय मदतच लागते. विशेषतः झोपेच्या गोळ्या किंवा दारू नेहमीची झाली असेल तर खोलीत कोंडून एकदम बंद करायला जाऊ नका. झटके येऊ शकतात, जीव जाऊ शकतो. पिंपरीत यशवंतराव चव्हाण रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि आपल्याच आळंदी रस्त्यानं दिघी, विश्रांतवाडी मागे टाकून येरवड्याकडे गेलात की मुक्तांगण आहे.

मुक्तांगणची सुरुवात आठवा. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आली, चांगल्या घरातली पोरं त्यात बुडायला लागली. लेखक अनिल अवचट त्यावर लिहीत होते. ते लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचटांनी 1986 मध्ये हे केंद्र उभं केलं. सुनंदाताई 1997 मध्ये गेल्या. काम थांबलं नाही. आजही तिथे पेशंटइतकंच घरच्यांशी बोलतात. मला ते फार महत्त्वाचं वाटतं, कारण घरात एकानं नशा केली की आजारी सगळे पडतात. एक जण पैसे पुरवतो, एक पांघरूण घालतो, एक फक्त ओरडतो.

दुसरीकडे कुठे दाखल करायची वेळ आली तर दोन प्रश्न न लाजता विचारा. केंद्राची सरकारी नोंदणी आहे का, आणि अठराच्या आतल्या मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवता का? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तसं ठेवणं बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे सोडा, तीन महिने भेटायचं नाही, सरळ करून देतो’ असं म्हणणाऱ्या दारातून उलट्या पावली परत या.

पोलिसांच्या भीतीनं पुष्कळ घरं वर्ष-दोन वर्षं घालवतात. उपचारासाठी डॉक्टरकडे नेलं म्हणून पोरावर केस होत नाही. डॉक्टरवर गोपनीयतेचं बंधन आहे. एनडीपीएस कायद्याचं 64अ कलमही माहीत असू द्या. सेवन करणाऱ्या किंवा अल्प मात्रा बाळगणाऱ्या व्यसनी माणसानं आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेतले तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. विकणाऱ्याला ही सवलत नाही. म्हणून पोरगं ‘घेणारा’ आहे तोवरच हलायचं. पैसे संपले की घेणाऱ्याचा ‘आणून देणारा’ व्हायला वेळ लागत नाही, आणि अठराच्या आतलं पोर पोहोचवायला वापरणं विकणाऱ्यांना सोयीचं असतं.

घरातून उठून कुठे जाणं जमत नसेल तर निदान फोन करा. व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली-मानस 14416, मुलांसाठी 1098. माल कुठे विकला जातोय हे कळवायचं असेल तर 1933. नाव सांगावं लागत नाही.

आणि पाय परत घसरेल. बहुतेकांचा घसरतो. त्या दिवशी “सगळं पाण्यात गेलं” म्हणू नका. मागच्या वेळी तीन आठवडे राहिला, या वेळी पाच, असा हिशेब धरा. मधुमेहाच्या माणसानं लग्नात जिलबी खाल्ली म्हणून आपण त्याचं औषध बंद करत नाही.

त्या वडिलांचं विचाराल. त्यांनी झोप काढली, संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिचा बीपी वाढला नाही, तिला आधीपासून शंका होती. रविवारी पोराला गाडीवर मागे बसवून घेऊन गेले. सहा महिन्यांपासून, असं उत्तर आलं. डॉक्टरकडे चार वेळा जाणं झालं, मध्ये एकदा घसरलाही. आता तो बारावीत आहे आणि तालमीत जातो, रोज नाही. ते नळकांडं त्याला पहिल्यांदा कोणी दिलं ते त्यानं अजून सांगितलेलं नाही. वडिलांनी विचारणं सोडून दिलंय.